टोरसचा अर्धाच भाग का येतो आणि पॅरामेट्रिकमध्ये तो पूर्ण कसा काढायचा?

तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत: झेड बरोबर अमुक असं सूत्र दिलं की टोरसचा (म्हणजे ट्यूबसारख्या गोल कड्याचा) वरचा अर्धाच भाग येतो, पॅरामेट्रिक करून, म्हणजे एक्स, वाय, झेड तिन्ही वेगळ्या चलांतून (पॅरामीटरमधून) मांडून बघितलं तर नुसती एक रेष येते, आणि पायथॉनमध्ये एकदाचा आला तो पण उभा फुगलेला दिसतो. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

पहिलं पटकन सांगतो. झेड हे एक्स आणि वायचं फंक्शन असेल तर एका जागी झेडची एकच किंमत मिळणार, आणि टोरसमधून उभी रेघ मारली तर ती त्याला वर एकदा आणि खाली एकदा लागते. वर्गमुळाचं अधिक चिन्ह घेतलं की वरचा भाग, उणे घेतलं की खालचा. दोन्ही वेगवेगळे काढून जोडता येतात पण जिथे पृष्ठभाग उभा होतो त्या कडेला जाळी फाटल्यासारखी दिसते, म्हणून त्या वाटेला जाऊच नका.

आता मुख्य गोष्ट. काही टाइप करायच्या आधी कागदावर ठरवा की प्रत्येक पॅरामीटर नक्की काय फिरवतोय. सायकलची ट्यूब डोळ्यासमोर आणा, यू हा कोन तुम्हाला चाकाभोवती फिरवतो आणि व्ही हा कोन ट्यूबच्या जाडीभोवती. मोठी त्रिज्या ३ आणि छोटी १ धरली तर मधल्या अक्षापासूनचं अंतर होतं ३ + कॉस(व्ही), मग एक्स = (३ + कॉस(व्ही)) × कॉस(यू), वाय = (३ + कॉस(व्ही)) × साइन(यू), झेड = साइन(व्ही). दोन्ही कोन ० ते २ पाय. झालं, पूर्ण टोरस. एवढं समजलं की सूत्र पाठ करावं लागत नाही, हवं तेव्हा स्वतःच मांडता येतं.

तुम्ही यू आणि व्ही दोन्हींच्या जागी एकच टी लिहिलाय म्हणून रेष आली. एक पॅरामीटर म्हणजे वक्र, दोन म्हणजे पृष्ठभाग, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या हे बदलत नाही. जिओजेब्रा ह्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्रासाठी कर्व्ह आणि पृष्ठभागासाठी सरफेस कमांड आहे, सरफेसमध्ये आधी तीन सूत्रं द्यायची, मग यू आणि त्याची सुरुवात-शेवट, मग व्ही आणि त्याची. शेवट म्हणून नुसतं ३६० लिहू नका, डिग्रीचं चिन्ह नसेल तर ते ३६० रेडियन धरलं जातं (एक फेरा म्हणजे २ पाय रेडियन) म्हणजे ५७ पेक्षा जास्त फेरे! ग्नूप्लॉट ह्या आलेख काढायच्या प्रोग्रॅममध्ये ह्याने फार विचित्र चित्र येतं, ते रेषेवर डिफॉल्ट १०० बिंदू घेतं, त्यामुळे शेजारच्या दोन बिंदूंत साधारण ३.६ रेडियनचं अंतर पडतं, अर्ध्या फेरीपेक्षाही जास्त, आणि साध्या वर्तुळाच्या जागी चांदणीसारखी जाळी दिसते. सूत्र बरोबर असतं आणि माणूस तासभर सूत्रच तपासत बसतो.

ग्नूप्लॉट वापरणार असाल तर आधी पॅरामेट्रिक मोड सेट करा आणि यू-व्हीची रेंज स्वतः द्या, डिफॉल्ट उणे ५ ते ५ असते, त्यात टोरस स्वतःवरच दुसऱ्यांदा चढतो आणि रेषा जुळत नाहीत. आयसोसॅम्पल्स, म्हणजे जाळीतल्या रेषांची संख्या, डिफॉल्ट फक्त १० आहेत, ते ५० वगैरे करा, विशेषतः मागच्या रेषा लपवणार असाल तर नक्कीच, कारण तेव्हा सगळा गुळगुळीतपणा त्याच आकड्यावर अवलंबून असतो. आणि तिथे १/२ चं उत्तर शून्य येतं, पूर्णांकांचा भागाकार धरला जातो! मोबियस पट्टीत (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीत) यूचा अर्धा कोन लागतो, तो १/२ गुणिले यू असा लिहिला की पीळच जातो आणि सपाट कडं उरतं, यू/२ लिहिलं की पट्टी नीट येते.

पायथॉनमधलं फुगणं. मॅटप्लॉटलिब ह्या पायथॉनच्या आलेख-लायब्ररीचा त्रिमितीय डबा डिफॉल्ट ४:४:३ प्रमाणात असतो. आपला टोरस एक्सवर ८ एकक रुंद आणि झेडवर फक्त २ एकक उंच, म्हणजे प्रमाण ४:१ हवं, पण तो ताणून ४:३ मध्ये बसवला जातो म्हणजे उंची जवळजवळ तिप्पट. आवृत्ती ३.६ पासून त्रिमितीय आलेखालाही सेट-अ‍ॅस्पेक्टमध्ये इक्वल देता येतं, ते द्या. अजून एक, मेशग्रिडमध्ये (यू-व्हीच्या बिंदूंच्या जाळीत) २०० बाय २०० बिंदू घेऊनही चित्र ओबडधोबडच राहतं, कारण प्लॉट-सरफेस प्रत्येक दिशेला डिफॉल्ट ५० च नमुने वापरतं, आर-काउंट आणि सी-काउंट वाढवा.

बाकी ती तुमची "चुकून आलेली" रेष टाकून देऊ नका, मला तर ह्या विषयातली तीच सगळ्यात आवडते. ती टोरसच्या पृष्ठभागावरूनच जाते. आता यूच्या जागी २टी आणि व्हीच्या जागी ३टी टाका, टी ० ते २ पाय, जी बंद दोरी मिळेल ती ट्रेफॉइल गाठ, न कापता सुटत नाही. २ आणि ४ घेतले तर सामाईक विभाजक असल्याने तोच साधा वक्र दोनदा गिरवला जातो, गाठ नाही. आणि एका आकड्याच्या जागी २ चं वर्गमूळ टाकलं तर रेष कधीच बंद होत नाही, टीची रेंज वाढवत जा, टोरस दाट भरत जातो (बिंदूंची संख्या पण त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर पुन्हा चांदण्या). जिओजेब्रात सरफेसची अपारदर्शकता कमी करून वर जाड रेषेत हा कर्व्ह काढा आणि माऊसने फिरवून बघा, ट्रेफॉइलमध्ये कुठला धागा कुठल्यावरून जातो ते तेव्हाच नीट कळतं.