ऑक्टोबरमध्ये कोकण किनाऱ्यावर ग्रेट नॉटसारखा दुर्मीळ पाणपक्षी शोधायचा तर कधी जावं, ओळखावा कसा?

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जा. तेव्हा पूर्ण भरती साधारण बारा-साडेबाराला येते. त्याआधी दोन तास पोचलात तर चढतं पाणी चिखलावरचे पक्षी किनाऱ्याकडे ढकलतं आणि सूर्यही पाठीशी असतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कमी चढतं, पक्षी लांबच राहतात. शिवाय संध्याकाळच्या भरतीला ऊन थेट डोळ्यांत येतं.

ग्रेट नॉट २६-२८ सेंटिमीटरचा. चोच डोक्यापेक्षा किंचित लांब, टोकाला जराशी खाली झुकलेली. छातीवर गडद ठिपके. घोटाळा होतो तो करड्या चिखल्याशी (ग्रे प्लोव्हर या पक्ष्याशी). त्याची चोच आखूड, जाड असते आणि उडताना काखेत ठळक काळा डाग दिसतो. ग्रेट नॉटला तो नसतो, म्हणून पंख उघडलेला फोटो मिळवाच. नुसत्या बसलेल्या पक्ष्याच्या एका फोटोवर नोंद टिकणं कठीण.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वेळ, नेमकी जागा, संख्या आणि ही लक्षणं लिहा. जवळ मात्र जाऊ नका, शंभरेक मीटरवर थांबा. सैबेरियातून आलेला थकलेला पक्षी आहे, त्याची प्रजाती संकटग्रस्त आहे. त्याला उगाच उडवणं म्हणजे त्याची साठवलेली चरबी जाळणं.