मुलांनीच चालवलेल्या गटचर्चेतून मुलं खरंच चिकित्सक विचार करायला शिकतात का? नववीच्या वर्गात सुरुवात कशी करावी?

शिकतात. मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवतो. मुलं शिकताना मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यापायी "वर्गात बाजार भरवलाय" हेही ऐकून घेतलंय.

माझ्या वर्गात निम्मी मुलं रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांची; काही खलाशांची; दोघातिघांच्या घरचं पर्ससीन, म्हणजे यांत्रिक बोटीतून मासळीच्या थव्याभोवती टाकायचं मोठं जाळं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे वडील घरी आणि घराघरात वाद एकच: बांगडा कुणामुळे कमी झाला? त्या जुलैत मी हाच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.

पहिले दोन तास नुसती भांडणं. एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, हे पोरांना पाठ होतं. तेच एकमेकांच्या तोंडावर फेकत होती. तिसऱ्या तासाला गट चालवणाऱ्या मुलीने, स्वतः रापणकराची मुलगी, आपल्याच बाजूच्या मुलाला अडवलं. तो सांगत होता, "आमच्या जाळ्यात पिल्लां गावनत नाय."

"तुका कसा म्हायत?"

"पप्पा सांगतत."

"पप्पांनी मोजल्यानी?"

दुसऱ्या दिवशी तो रापणीच्या जुन्या जाळ्याचा वीतभर तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. बाकाला खाऱ्या मासळीचा वास. कंपासपेटीतली पट्टी लावून आस (जाळ्याच्या भोकाचा आकार) मोजला. ते बघून पर्ससीनवाल्याचा मुलगा म्हणाला, "मी पण हाडतंय," आणि त्याने आणलाही. रापणीचा आस सगळ्यांना वाटत होता त्याहून बारीक निघाला. त्या पोराने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: पिल्लं आमच्याही जाळ्यात येतात. मग मागून कुणीतरी विचारलं, पण एका खेपेला किती मासळी, रापणीला किती आणि पर्ससीनला किती? मी तोपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो. हा प्रश्न मी फळ्यावर लिहून दिला असता तर त्यांनी फक्त उतरवून घेतला असता.

पुढे वरून निरोप आला: मच्छीमारांची भांडणं शाळेत नकोत, आणि यातून दहावीला किती मार्क वाढणार? चर्चा बंद झाली. मला हे आजही पटलेलं नाही. भांडण त्या मुलांच्या घरात रोज होतंच. शाळेत निदान त्याला पट्टी लागली. वर्ग शांत बसला म्हणजे वर्गाला समजलं, असं मानणारे शिक्षक मुलांचं नुकसान करतात. तुमच्याकडेही असं कुणी म्हणालं तर गप्प राहू नका. मी राहिलो, ते चुकलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर 'मोबाइल शाप की वरदान' असले विषय घेऊ नका. त्यावर मुलं वक्तृत्व स्पर्धेतली भाषणं म्हणून दाखवतात. घरात ज्यावर आवाज चढतो असा विषय घ्या. गट पाच-सहा जणांचा. चालवणारं मूल हुशार नसलं तरी चालेल, "कशावरून?" विचारणारं हवं. मुलीला द्याच, नाहीतर मुलगेच बोलत राहतात.

साठ मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळायचा असेल तर हे जड जातं, दोन तुकड्या करून घ्या. आणि चर्चेआधी दोन पानं वाचून यायला लावा. माझे पहिले दोन तास फुकट गेले ते मी हे केलं नव्हतं म्हणूनच.