'दरिद्री' लिहिण्याआधी

तुझी बातमी वाचली. 'दरिद्री कुटुंबातली मुलगी' असं लिहिलं आहेस, तेवढं बदल. बोलीत 'दरिद्री' ही आता शिवी झाली आहे. 'काय दरिद्री माणूस आहे' म्हणताना पैशाचा विषयही नसतो. 'कंगाल'मध्येही तुच्छता आहेच. 'अत्यंत गरीब' लिही, किंवा तू पाहिलंस तेच सांग: पत्र्याची खोली, सहा माणसांत एकच पातेलं. मला ते पातेलं वाचूनच गलबलून आलं.

'अठराविश्वे दारिद्र्य' हा शब्द मात्र जपून वापर. तो मुळात 'अठरा विसे' असं सांगतात, म्हणजे अठरा वेळा वीस, ३६०. जुन्या हिशेबाने वर्षाचे सगळे दिवस. एका दिवसाचीही सुटका नाही, असं दारिद्र्य. चार महिने पगार थकलेल्या घराला तो लावू नकोस.

'अंत्योदय' हा सरकारी शब्द. सर्वांत गरीब कुटुंबांसाठीची, डिसेंबर २००० पासूनची रेशन योजना, कुटुंबामागे महिन्याला ३५ किलो धान्य. रेशनकार्ड स्वतः बघितल्याशिवाय तो लिहू नकोस. आणि छापण्याआधी त्या मुलीला एकदा वाचून दाखव.