दुबईहून एका रात्रीसाठी वाळवंटात स्वतःची गाडी घेऊन कॅम्पिंगला जायचं तर काय तयारी लागते?

पहिली अट म्हणजे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, आणि एकटी नाही, किमान दोन. रुतलेली गाडी ओढायला दुसरी हवीच.

खरी गोम टायरच्या हवेत आहे. डांबरी रस्ता सोडला की हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरवा. टायर पसरतो, वाळूवर तरतो. मात्र एवढ्या कमी हवेवर झटक्यात वळलात तर टायर रिममधून निसटतो. परतताना हवा भरायला कॉम्प्रेसर जवळ ठेवा. गाडी रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं आणखी खोल जातात. चाकांपुढची-मागची वाळू हाताने उपसा, हवा थोडी आणखी कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्स घ्या.

नवख्यांनी कमी उंचीच्या ढिगाऱ्यांकडे जावं. अबू धाबीतल्या लिवाचे डोंगराएवढे ढिगारे पहिल्या खेपेला नकोत, मित्र कितीही आग्रह करोत.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. दिवस उजेडात असतानाच तंबू ठोका, तोही उतारापासून दूर. अंधारात भरधाव येणाऱ्या गाड्यांना टेकडीपलीकडचं दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि पहाटे दव एवढं, की बाहेर राहिलेल्या चादरी पिळाव्या लागतात. फायदा एकच, ओलसर वाळू घट्ट असते, म्हणून निघायचं ते सकाळी लवकर.

शेकोटीसाठी लाकूड घरून न्या. वाळवंटात वाढणारी घाफची झाडं संरक्षित आहेत, त्यांची फांदीही तोडू नका.