भिंतीवरची जुनी जाहिरात पुन्हा रंगवून घ्यावी का?

शेजारची इमारत पाडल्यावर तुमच्या भिंतीवरची हाताने रंगवलेली जुनी जाहिरात उघडी पडली. ती पेंटरकडून ताजी करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर करू नका.

अशा भिंती रंगवणाऱ्यांच्या हाताखाली मी काम केलंय, म्हणून सांगतो. पेंटर आधी लहान चित्रावर चौकटी आखतो. त्यावरून भिंतीच्या मापाच्या कागदावर चित्र मोठं करतो, रेषांवर बारीक भोकं पाडतो, कागद भिंतीला लावतो आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटतो. कागद काढला की नुसते ठिपके उरतात. त्या ठिपक्यांवरून, टांगत्या फळीवर उभं राहून, पुरुषभर उंचीचं अक्षर काढायचं. इतक्या जवळून अख्खं अक्षर नजरेत मावतच नाही. विटांच्या सांध्यांतही रंग भरायचा, आणि तरी रस्त्यापलीकडून कड सरळ दिसली पाहिजे! त्या कडेवर नवा रंग चढला की मूळ पेंटरचं वळण गेलंच.

घासूनपुसूनही काढू नका. जुन्या तेलरंगांत बहुतेक वेळा शिशाचा सफेदा असे. त्यामुळेच ही अक्षरं इतकी टिकाव धरतात, पण घासल्यावर उडणारी धूळ विषारी असते. वाळूचा मारा तर नकोच, त्याने विटेचा वरचा टणक थरही निघून जातो. वाचायची असेल तर पाऊस पडून गेल्यावर बघा. ओल्या भिंतीवर फिकट रंग गडद होतात, कधीकधी खालची आणखी जुनी जाहिरातही डोकावते. फोटो तेव्हाच काढून ठेवा.

ही कला मागे पडली ती मागणी आटल्यामुळे. १९८०च्या दशकात विनाइलची, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकची, अक्षरं कापणारी संगणकी यंत्रं आली, पुढे मोठ्या आकाराच्या छपाईने भिंतीही बळकावल्या. काम मिळालं तर हात आजही तयार होतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००४ साली सुरू झालेली कोलोसल मीडिया ही कंपनी अजून हातानेच मोठमोठ्या भिंती रंगवते.

तेव्हा ताजी करण्यासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कोऱ्या भिंतीवर खर्च करा. पेंटरला नवं काम द्या, आणि सोबत एखादा शिकाऊ मुलगा किंवा मुलगी घ्यायला सांगा. त्यांची मजुरीही तुम्हीच द्या.