दुसऱ्या स्पिटफायरला हात घालण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझ्या पहिल्या स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, प्लॅस्टिक मॉडेलचे फोटो नीट पाहिले. पंखाच्या मुळाशी फट, कॅनोपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) धुकं धरल्यासारखा पांढुरका थर आणि गोल चिन्हांखाली चमकणारे चंदेरी ठिपके. तिन्ही गोष्टी शेवटी नजरेस आल्या, म्हणून तुला वाटतं की रंगकाम फसलं. पण त्यांची मुळं बरीच आधी आहेत, आणि एकेकाचं कारण वेगळं आहे. पुढचं किट १/४८ चं, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, स्पिटफायर मार्क ९ आहे म्हणतोयस तर त्याच्याच अनुषंगाने लिहितो.

आधी फटीबद्दल. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १/४८ मध्ये ती खऱ्या विमानावरची २४ मिलिमीटरची भेग होते. तिच्यात बोट जाईल. अशी भेग पुट्टीने बुजवली की घासताना आजूबाजूच्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) जातात आणि स्पिटफायरची पंखापासून धडाकडे जाणारी गोलाईही सपाट होते. त्यामुळे फट बुजवायची नाही, पडूच द्यायची नाही. धडाचे दोन अर्धे जोडताना आपण ते रबरबँडने करकचून आवळतो, धड किंचित अरुंद होतं आणि पंखाचं मूळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. धड चिकटवण्याआधी खालचा आणि वरचा पंख टेपने तात्पुरता जुळवून कोरडा, म्हणजे सिमेंट न लावता, बसवून बघ. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर कमी पडत असेल तर धड एकूण एक मिलिमीटर रुंदावायला हवं. रिकाम्या स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा) तुकडा मोजून काप आणि पंखाच्या जागेजवळ धडाच्या आत आडवा चिकटव. तो आतून दोन्ही भिंती रेटून धरतो. त्यानंतर पंख बसव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडावरून टेप ताणून घे आणि दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का ते पट्टीने मोज. टोकं वर ओढली गेली की मुळाशी वरचा पंख धडाला आपोआप भिडतो. टेप जास्त ताणलीस तर पंख गरजेपेक्षा वर उचलले जातील, म्हणून समोरून काढलेलं रेखाचित्र शेजारी ठेव.

फटीचं आणखी एक कारण कॉकपिटमध्ये दडलेलं असतं. आतले भाग रंगवून झाल्यावर त्यांच्या कडांवर रंगाचा थर राहतो, शिवाय भिंतींच्या मागे साच्यातल्या पिनांचे गोल उंचवटे असतात. हे सगळं मिळून कॉकपिट धडात पुरतं बसू देत नाही. जिथे जिथे सिमेंट लागणार तिथला रंग पात्याने खरवडून काढ. प्लॅस्टिक सिमेंट म्हणजे खळ नव्हे. ते पॉलिस्टायरिन विरघळवून दोन कडा एकमेकींत वितळवतं. मध्ये रंग असेल तर ते रंगालाच धरतं, आणि रंग सुटतो.

धडाच्या सांध्यासाठी पातळ सिमेंट वापर. दोन अर्धे हलके दाबून धर, ब्रशचं टोक फटीला लाव, द्रव आपोआप आत ओढला जाईल. दहा-पंधरा सेकंदांनी जरा जोरात दाब, म्हणजे मऊ झालेल्या प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर येईल. तीच तुझी पुट्टी. पण तिला लगेच हात लावू नकोस. प्लॅस्टिक कडक व्हायला एक रात्र तरी द्यायची, दोन-तीन दिवस दिलेस तर उत्तम. ओलं असताना घासलेला सांधा त्या वेळी गुळगुळीत वाटतो. पुढे आतला द्रावक उडत जातो, प्लॅस्टिक आक्रसतं आणि रंग दिल्यावर आठवड्याने तिथे पुन्हा खाच उमटते. सांध्याचं भूत म्हणतात ते हेच. कडक झालं की पात्याची धार उभी धरून खरवड, मग ४०० चा वॉटर पेपर, त्यानंतर ६०० आणि शेवटी १०००.

आता एक सवय लाव. एखादा सांधा, रेघ किंवा रिव्हेट घालवायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी विचार, खऱ्या विमानावर तिथे काय होतं? स्पिटफायरच्या इंजिनावरचं वरचं झाकण एकसंध होतं, तेव्हा तिथे मधोमध सांधा दिसता कामा नये. मेसरश्मिट बीएफ १०९ च्या धडाचा मागचा भाग मात्र खरोखरच डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांचा बनवलेला होता, त्यामुळे पाठीवरची मधली रेघ तिथे खरी आहे. ती पुट्टीने भरणारा माणूस मेहनत करून चूक करतो. पी-५१ मस्टँगचं आणखी निराळं. त्याच्या लॅमिनार पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात पुढच्या भागातल्या रेघा आणि रिव्हेट पुट्टीने भरून वर चंदेरी रंग देत. धड उघड्या धातूचं, पंख रंगवलेला. किटमधल्या पंखावर रिव्हेटच्या सुंदर रांगा असतील, तरी त्या भरायच्याच, मन घट्ट करून.

रंग उडालेले ओरखडे दाखवतानाही हाच प्रश्न विचार. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. तिथे चंदेरी ओरखडा मारलास तर कापडाखालून ॲल्युमिनियम निघाल्यासारखं होईल. स्पिटफायरचं रडरही (शेपटीवरचं उभं सुकाणू) कापडाचं, त्याला चंदेरी पेन्सिल लावायची नाही. झीज दाखवायची तर वैमानिक आणि यांत्रिक पाय ठेवत तिथे दाखव. स्पिटफायरचं लहान दार डाव्या बाजूला होतं, तेव्हा डाव्या पंखाचं मूळ जास्त घासलेलं, उजव्याचं कमी. स्पंजच्या कपच्यावर किंचित रंग घेऊन तो आधी कागदावर टिपून कोरडा कर, मग हलके टेकव. दोन्ही पंखांवर सारखी झीज दिसली की विमान नकली वाटतं.

कॉकपिटवर फार वेळ घालवू नकोस, पण दोन गोष्टी चुकवू नकोस. भिंतींचा रंग ब्रिटिश ग्रे-ग्रीन, त्याला पातळ गडद वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग) आणि कडांवर त्याच रंगाची फिकट छटा कोरड्या ब्रशने. दुसरं, आसनाचे पट्टे. बऱ्याच किटमध्ये ते नसतात आणि कॅनोपी उघडी ठेवली की पहिली नजर तिथेच जाते. मास्किंग टेपची सुमारे १ मिलिमीटर रुंद पट्टी काप, फिकट खाकी रंग दे, बकलच्या जागी चंदेरी ठिपका दे आणि आसनावर थोडी सैल, घडी पडलेली बसव. ताठ पट्टा कागदासारखा दिसतो.

कॅनोपीवरचं धुकं सुपरग्लूचं आहे. त्याची वाफ काचेवरच्या ओलाव्याला धरून पांढरी पडते. कॅनोपी सुपरग्लूने चिकटवली नाहीस तरी हे होऊ शकतं. आत नुकताच धातूचा एखादा तुकडा सुपरग्लूने लावला आणि तासाभरात कॉकपिट बंद केलं, तर वाफ आत कोंडते. एच केलेले (रसायनाने कोरून काढलेले) धातूचे भाग आणि रेझिनला सुपरग्लूच लागतो, कारण प्लॅस्टिक सिमेंट त्यांना विरघळवू शकत नाही. मग रात्रभर उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी कॅनोपी बसव, आणि ती बसवायला पांढरा पीव्हीए गोंद घे. तो सुकल्यावर पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो. त्याआधी कॅनोपी स्वच्छ ॲक्रिलिक ग्लॉसमध्ये बुडवून, खालच्या कडेचा थेंब टिशूने टिपून, धूळ बसू नये म्हणून झाकून ठेव. काच जास्त स्वच्छ दिसते. चौकटी रंगवताना टेप नीट घासून बसव, नवं कोरं पातं घेऊन चौकटीच्या कडेने दाब न देता काप. पहिला हात आतल्या ग्रे-ग्रीनचा मार, मग बाहेरचा रंग. काचेतून आत डोकावलं की चौकटीची आतली बाजू बरोबर रंगाची दिसते.

चंदेरी ठिपक्यांसाठी तू डेकलला, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांना, दोष दिलास. तुझा पंखाचा जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहिला, रंग वाळूसारखा खरखरीत आहे. त्या बारीक खळग्यांत डेकलखाली हवा अडकली, तीच चमकते. रंग खरखरीत झाला कारण तो पृष्ठभागावर पोचण्याआधीच हवेत वाळला. एअरब्रश फार लांब धरला, दाब जास्त होता किंवा रंग दाट होता, यांपैकी काहीतरी. ०.३ मिलिमीटरच्या सुईला १५ ते २० पीएसआय दाब पुरे, अंतर ८ ते १० सेंटिमीटर. बाटलीतला ॲक्रिलिक दाट असेल तर निम्मा रंग, निम्मा थिनर इथून सुरुवात कर आणि कपाच्या कडेवरून तो दुधासारखा ओघळतो का बघ. फार पातळ करून जवळून मारलास तर उलट होईल, रंगाला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतील. प्रत्येक थर क्षणभर ओला चमकला पाहिजे आणि लगेच मंद झाला पाहिजे.

१९४४ च्या मार्क ९ साठी वर ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. दोन रंगांची सीमा फार धूसर ठेवू नकोस. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा धूसर पट्टा म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ ५ सेंटिमीटर. रंगावर ग्लॉस वार्निशचे दोन पातळ थर, एक दिवस सुकू दे, मग डेकल. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, बाहेर काढून कागदावर आपोआप सरकेपर्यंत वाट पाहा. बसवल्यावर वरून सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्रव) लाव आणि हात मागे घे. डेकल आधी सुरकुततं, ते पाहून घाबरून बोटाने सरळ करायला गेलास की फाटतं. तासाभरात स्वतःच सपाट होऊन पॅनेल लाइनमध्ये बसतं. तरी कुठे चमक राहिलीच तर सुईने बारीक टोचून पुन्हा सॉफ्टनर.

नॉर्मंडीच्या स्वारीसाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांवर मारलेले काळे-पांढरे पट्टे डेकलने नको, रंगाने कर. धडाच्या गोलाईवर डेकल वळत नाही. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच, म्हणजे १/४८ मध्ये ९.५ मिलिमीटर. पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा असे पाच, एकूण ४७.५ मिलिमीटर. आधी पूर्ण भाग पांढरा कर, मग ९.५ मिलिमीटरच्या टेप लावून काळा मार. काळ्यात थोडा करडा मिसळ, शुद्ध काळा एवढ्या लहान आकारात डोळ्यात खुपतो. हे पट्टे ६ जून १९४४ च्या आधी घाईघाईने, अनेक ठिकाणी साध्या ब्रशने मारले होते. कडा थोड्या वाकड्या राहिल्या तर तशाच राहू दे.

पॅनेल लाइनचा वॉश ऑइल रंग आणि व्हाइट स्पिरिटचा. खाली ॲक्रिलिक ग्लॉस असेल तर सुरक्षित, पण इनॅमल रंगावर थेट लावलास तर तो रंगच उचलेल. काळा नको, गडद तपकिरी-करडा घे. हलणारे भाग, म्हणजे एलरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या झडपा) आणि रडर यांच्या फटी गडद ठेव, बाकीच्या रेघा जेमतेम दिसू दे.

भागांची स्थितीही विमानाप्रमाणे ठरव. स्पिटफायरचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या झडपा) एकतर पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली, आणि जमिनीवर ते वर घेतलेले असत. खाली सोडलेले फ्लॅप घालून सुंदर तपशील दाखवायचा मोह होईल, तो मस्टँगवर पुरा कर. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब उतरला की त्याचे फ्लॅप आणि चाकांची आतली दारं हळूहळू खाली लोंबत. एक एलरॉन वर असेल तर दुसरं खालीच हवं, आणि कॉकपिटमधली स्टिक वर गेलेल्या एलरॉनच्या बाजूला झुकलेली. प्रोपेलरच्या पात्यांची फुगीर बाजू पुढे. पात्यांची टोकं ४ इंच पिवळी, म्हणजे मॉडेलवर २ मिलिमीटरच्या थोडं वर.

लाइटनिंग किंवा मी २६२ यांसारखं नाकाखाली चाक असलेलं विमान कधी घेशील तेव्हा नाकात शिशाचं वजन घालायला विसरू नकोस, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. वजन मुख्य चाकांच्या जितकं पुढे, तितकं कमी लागतं. धड बंद करण्याआधी सगळे भाग टेपने जुळवून मुख्य चाकांच्या जागी तोलून बघ.

पातळ सिमेंट आणि स्प्रे यांच्यासाठी खिडकी उघडी आणि द्रावकाच्या वाफा शोषणारा मास्क, कापडी नव्हे. रेझिन घासायचं ते पाण्याखाली. त्याची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

तू एरियलच्या तारेचं विचारलं होतंस. या मार्क ९ ला ती नको. तोवर व्हीएचएफ रेडिओ आला होता, खांब आहे पण त्यापासून शेपटीपर्यंत तार नाही. बीएफ १०९ करशील तेव्हा तारेसाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर फिरवून मऊ कर, ज्योतीबाहेर काढून एका दमात ओढ, केसासारखा धागा मिळेल. तो लावल्यावर जळती अगरबत्ती थोड्या अंतरावरून फिरवली की ताणला जातो. जवळ नेलीस तर तुटेल.

धड जोडून, घासून झालं की प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्याआधी टेबललँपचा उजेड एका बाजूने पाडून डावीकडून आणि वरून एकेक फोटो काढ आणि पाठव. सांधा राहिला असेल तर त्या तिरप्या उजेडात सावली पडते.