ओरडले नाही, म्हणजे चूक माझी?

तुरुंगातल्या समुपदेशनाच्या चार भेटी त्या फक्त झोपेबद्दल बोलल्या. न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही; जामीनदार मिळेना म्हणून दीड वर्ष आत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रात्री किल्ल्या वाजल्या की अंग ताठ व्हायचं. साडीखाली सलवार घालून, पाठ भिंतीला लावून झोपायच्या. पाचव्या भेटीत बोटाने टेबल खरवडत म्हणाल्या, "मॅडम, मी ओरडले नाही. वर दोनदा साबण घेतला, घरी फोन करू दिला तोही केला. मग चूक माझीच ना?"

कोठारातला माल मोजायला म्हणून एक कर्मचारी त्यांना एकटीला बोलावून घेत होता आणि लैंगिक जबरदस्ती करत होता.

ज्याच्या हातात मुलाखत (घरच्यांची भेट), फोन, औषध आणि कुलूप, त्याला नाही कसं म्हणायचं? भीतीने अंग थिजतं, आवाज फुटत नाही. साबण घेणं ही संमती नव्हे, आतले दिवस काढायची ती धडपड होती. हे ऐकायला सोपं, मनात उतरायला बऱ्याच भेटी जातात. अत्याचाराच्या तपशिलात लगेच शिरू नये. आधी श्वास: चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, तळवे थंड फरशीवर. किल्ल्यांच्या आवाजाला हे रोज करायचं.

‘ओरडली का नाही’ हा प्रश्न कोर्टानेही विचारलेला आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता, त्या खटल्यात अंगावर जखमा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 64(2) खाली तुरुंग कर्मचाऱ्याने बंदी स्त्रीवर बलात्कार केला तर किमान 10 वर्षं सक्तमजुरी आहे. संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं तिने कोर्टात सांगितलं, की कोर्ट तसंच गृहीत धरतं. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

तक्रारपेटीवर भिस्त ठेवू नये, तिची किल्ली बहुधा त्याच कार्यालयात असते. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागावा. स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो. वकिलाची भेट कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर चालेल, पण बोलणं त्याला ऐकू येता कामा नये. कोर्टाची तारीख व्हिडिओवर असेल तर मागे कर्मचारी उभा असतो, म्हणून प्रत्यक्ष हजर करा एवढंच न्यायाधीशांना म्हणावं. बाकीचं तिथे गेल्यावर. आत तारखा लक्षात राहत नाहीत. ‘संक्रांतीनंतरची पहिली मुलाखत’, ‘पेशीच्या आदला दिवस’ अशा खुणांवर प्रसंग बांधून घ्यावेत.

घटना ताजी असेल तर कपडे न धुता कागदात गुंडाळावेत, प्लास्टिकमध्ये ओलसर कपडा कुजतो. गर्भ राहू नये म्हणून गोळी जितकी लवकर तितकी बरी, फार तर पाच दिवसांत; एचआयव्ही टाळणारी 28 दिवसांची औषधं 72 तासांत सुरू व्हावी लागतात; कुलपाआडच्या बाईला ते कितपत जमणार, हा प्रश्नच आहे. उशीर झाला तरी गर्भ आणि लैंगिक आजारांच्या चाचण्या मागाव्यात. बलात्कारातून राहिलेला गर्भ 24 आठवड्यांपर्यंत कायद्याने काढता येतो. दोन बोटांची चाचणी (बाईला संबंधांची सवय आहे का, हे योनीत बोटं घालून पाहणं) कोणी करू लागलं तर साफ नकार द्यावा, तिच्यावर बंदी आहे.

तक्रारीनंतर सूड येतो, तोही साधासुधा दिसतो: मुलाखत रद्द, अचानक झडती, दुसऱ्या तुरुंगात बदली. म्हणून या बाईंच्या वकिलाने अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं, बदली कर्मचाऱ्याची करा, बाईंची नको. लांबच्या तुरुंगात गेल्या असत्या तर आईला एसटीचं भाडं परवडलं नसतं.